ओडी फुल्ल आहे? बाकी हळूहळू उतरवा, पण व्याज आणि तारीख चुकू देऊ नका

भोपाळ : गोविंदपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपवाल्याला विचारलं, 'ओडी किती आहे?' तर बहुतेक वेळा तो मर्यादेचाच आकडा सांगतो. दहा लाखांची मर्यादा असेल तर दहा लाख. त्याचं चुकतही नाही, कारण बाकी गेली दोन-चार वर्षं नऊ लाख ऐंशी हजारांच्या खाली आलेलीच नसते. मर्यादा आणि बाकी हे दोन वेगळे आकडे आहेत, हेच विसरायला झालेलं असतं. महिन्याच्या शेवटी व्याज पडतं, पाच तारखेला एखादं बिल जमा होतं, सात तारखेला ते पगारात जातं आणि खातं पुन्हा काठोकाठ.

हीच गत पगारावर ओडी घेतलेल्या नोकरदाराची, घर गहाण ठेवून मर्यादा घेतलेल्या दुकानदाराची आणि मुदत ठेवीवर ओडी काढून मुलीचं लग्न केलेल्या निवृत्त माणसाची. भोपाळमधल्या मराठी घरांत आणखी एक गुंता असतो. खातं इथल्या शाखेत, जामीनदार वरुड-मोर्शीकडचा मेहुणा किंवा नागपूरचा भाऊ, आणि बँकेच्या कागदावरचा पत्ता अजून बैतूलचा जुनाच. राज्याची सीमा आड आली म्हणून क्रेडिट रिपोर्ट काही थांबत नाही. तो पॅन नंबरावरून तयार होतो. भोपाळच्या ओडीचा डाग नागपूरच्या गृहकर्जाच्या अर्जावर दिसतो आणि जामीनदाराच्या रिपोर्टमध्येही ते खातं नोंदलेलं असतं. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'फक्त सही दिली होती' असं बँकेला सांगून काही उपयोग होत नाही.

ओडी एका दमात फेडणं फार थोड्यांना जमतं. हळूहळू फेडायला हरकत काहीच नाही, बँकेचीही नसते. अडचण होते ती ओडीचे नियम साध्या कर्जासारखे समजल्यामुळे.

मर्यादेच्या आत असूनही खातं थकीत होतं

गृहकर्जाचा किंवा गाडीच्या कर्जाचा हप्ता ठरलेला असतो. चुकला की लगेच कळतं. ओडीला हप्ता नसतो, म्हणून अनेकांचा समज असा की मर्यादा ओलांडली नाही तर काहीच भरायची गरज नाही. हा समज महागात पडतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ओडी किंवा सीसी खातं तीन प्रकारे बिघडू शकतं. बाकी सलग ९० दिवस मर्यादेच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली तर एक. बाकी मर्यादेच्या आत आहे, पण ९० दिवसांत खात्यात एक रुपयाही जमा झाला नाही तर दुसरा. आणि तिसरा, जो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो: पैसे जमा झाले, पण मागच्या ९० दिवसांत लावलेलं व्याजही त्यातून भागलं नाही. या तिन्हींपैकी काहीही घडलं की खातं 'आउट ऑफ ऑर्डर' आणि मग एनपीए. भोपाळच्या शाखेतून हिंदीत नोटीस आली तर तिच्यात 'अनर्जक आस्ति' असा शब्द असतो. मराठी माणूस तो वाचून बुचकळ्यात पडतो, पण अर्थ तोच. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हेही स्पष्ट केलं की हा नियम धंद्यासाठी नसलेल्या, घरगुती ओडीलाही लागू आहे.

एक हिशेब पाहा. समजा, कोणाची ओडी मर्यादा ५ लाख, बाकी ३ लाख, व्याजदर ११ टक्के. मुलाकडे पुण्याला सहा महिने राहायला गेले आणि खात्याकडे बघितलंच नाही. ९० दिवसांचं व्याज होतं साधारण ८,१३७ रुपये. त्यांनी मधे एकदा आठवण आली म्हणून ५,००० भरले. मर्यादेत अजून दोन लाखांची जागा मोकळी आहे, तरी जमा व्याजापेक्षा कमी. खातं बिघडलं.

आणि एनपीए हा शिक्का खात्यावर नाही, कर्जदारावर बसतो. त्याच बँकेत त्याच माणसाचं गृहकर्ज असेल, हप्ते वेळेवर जात असतील, तरी तेही एनपीएत ओढलं जातं. पुढे खातं पुन्हा 'स्टँडर्ड' करायचं तर नुसतं त्या महिन्याचं व्याज भरून चालत नाही. सगळ्या खात्यांची सगळी थकबाकी, व्याज आणि मुद्दल दोन्ही, भरावी लागते. तीन-चार हजारांच्या कमीपणातून एवढं सगळं घडू शकतं.

याला एक सूट आहे. मुदत ठेव, राष्ट्रीय बचत पत्र, विमा पॉलिसी यांवरची ओडी, तारणाचं मूल्य पुरेसं असेल तोवर, एनपीए धरावी लागत नाही. सोन्याच्या दागिन्यांवरच्या कर्जाला ही सूट नाही.

धंद्याची सीसी असेल तर डीपी आधी बघायची

व्यापारी आणि कारखानदार यांच्या खात्याला दोन छपरं असतात. एक मंजूर मर्यादा, दुसरं ड्रॉइंग पॉवर, म्हणजे डीपी. यातलं जे खाली असेल ते खरं छप्पर. डीपी दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते. समजा माल ८ लाखांचा, येणी ६ लाखांची, देणी ४ लाखांची. उरले १० लाख. बँकेने २५ टक्के मार्जिन धरलं असेल तर डीपी साडेसात लाख. मंजूर मर्यादा १० लाख आणि बाकी ८ लाख असेल तर मालकाच्या मते दोन लाख शिल्लक आहेत. बँकेच्या मते तो पन्नास हजारांनी वर आहे.

ओडी उतरवायला निघालेल्या माणसाला हे जास्त जपावं लागतं. पैसे मोकळे करायचे म्हणून तो गोदामातला माल विकतो, नवा भरत नाही. बाकी कमी होते हे खरं, पण माल कमी झाल्याने डीपी त्याहून वेगाने खाली येते. माल काढला की त्याच महिन्यात वसुलीचे पैसे खात्यात आले पाहिजेत. ते दुसरीकडे वळवले की गणित फसलंच.

स्टेटमेंट द्यायचा कंटाळाही नडतो. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर काढलेली डीपी रिझर्व्ह बँक अनियमित मानते आणि तशी उचल सलग ९० दिवस चालली तर खातं एनपीए. पैसे सगळे वेळेवर, फक्त कागद नाही, तरीही. मर्यादेचं वार्षिक नूतनीकरण नियत तारखेपासून १८० दिवसांत झालं नाही तरी तेच. सीएकडे ताळेबंद अडकला म्हणून मर्यादा लटकली, ही तक्रार एम. पी. नगरात काय आणि अमरावतीत काय, सारखीच ऐकू येते. बँकेला सीएचं कारण लागू होत नाही.

रिपोर्टमध्ये नेमकं काय उमटतं

देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली बँका चौघींना माहिती देतात. लोक सगळ्याला 'सिबिल'च म्हणतात, ते चालतं. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो.

स्कोअरपेक्षा रिपोर्टच्या आतलं पान महत्त्वाचं. तिथे ओडी खात्याची मंजूर मर्यादा, चालू बाकी, थकीत रक्कम आणि गेल्या ३६ महिन्यांची एक चौकट असते. चौकटीत दर महिन्याला किती दिवस उशीर झाला त्याचा आकडा. '०००' म्हणजे काही उशीर नाही. मर्यादा ओलांडून एक दिवसाचा उशीरही तिथे उमटू शकतो. पूर्वी बँका महिन्यातून एकदा माहिती पाठवत, त्यामुळे पाच तारखेचं बिघडलेलं पंचविसाला सावरलं तर कित्येकदा कोणाला दिसायचं नाही. १ जानेवारी २०२५ पासून माहिती दर पंधरवड्याला जाऊ लागली. सुधारणा लवकर दिसते, चूकही लवकर दिसते.

प्रोप्रायटर असेल तर एक आणखी गंमत. धंद्याचं खातं असलं तरी मालक आणि माणूस कायद्याने एकच, पॅनही एकच. धंद्याची सीसी बिघडली की त्याच माणसाला स्कूटरसाठी कर्ज मागताना अडतं. धंद्याचा वेगळा रिपोर्टही निघतो. त्यात सिबिलचा एमएसएमई रँक १ ते १० असतो आणि इथे १ सगळ्यात चांगला. स्कोअरच्या सवयीने दहा चांगला समजून खूश होऊ नये.

बाकी सतत मर्यादेला टेकलेली असणं हेही चांगलं दिसत नाही, एकही दिवस उशीर नसला तरी. म्हणजे हळूहळू बाकी उतरवली तर क्रेडिटला धक्का बसत नाहीच, उलट उतरती बाकी ही रिपोर्टमधली चांगली गोष्ट असते. धक्का बसतो तो उतरवताना केलेल्या घाईगडबडीने.

उतरवायचं कसं

ओडीवर व्याज रोजच्या बाकीवर लागतं आणि महिन्याच्या शेवटी खात्याला टाकलं जातं. यातच सगळ्यात सोपा फायदा लपलेला आहे. तीन लाखांचं बिल आलं आणि ते द्यायला दहा दिवस आहेत, तर ते दहा दिवस पैसे बचत खात्यात किंवा गल्ल्यात न ठेवता ओडीत पडू द्यावेत. १२ टक्क्यांनी दहा दिवसांचे ९८६ रुपये वाचतात. महिन्यातून दोन-तीनदा असं झालं तर वर्षाला विजेची दोन-तीन बिलं निघतात. नोकरदाराने पगार एक तारखेला ओडीत घ्यावा आणि खर्च जमेल तितका महिन्याच्या उत्तरार्धात ढकलावा. मुद्दल कमी करण्यासाठी वेगळे पैसे न काढताही व्याज घटतं.

पण मुद्दल उतरवल्याशिवाय सुटका नाही. पुन्हा गोविंदपुऱ्याच्या त्या काल्पनिक वर्कशॉपकडे येऊ. बाकी ९ लाख ८० हजार, दर १२ टक्के, महिन्याचं व्याज साधारण ९,७०० रुपये. मालकाने ठरवलं की व्याज धरून महिन्याला २९,७०० रुपये ओडीत टाकायचे आणि ते परत काढायचे नाहीत. पहिल्या महिन्यात जेमतेम वीस हजार मुद्दलात जातात. वर्षाअखेर बाकी साधारण ७ लाख २८ हजारांवर येते आणि व्याज महिन्याला ७,३०० च्या आत. भरायची रक्कम मात्र तीच, २९,७०० ठेवायची. व्याज कमी झालं म्हणून हात सैल सोडायचा नाही. असं केलं तर खातं ४० महिन्यांच्या आसपास रिकामं होतं आणि एकूण व्याज जातं सव्वादोन लाखांच्या आत. तेच ४० महिने नुसतं व्याज भरत राहिलं तर सुमारे चार लाख रुपये जातात आणि नऊ लाख ऐंशी हजार जिथल्या तिथे.

कागदावर सोपं. प्रत्यक्षात ओडीतली रिकामी जागा म्हणजे उघडी तिजोरी. जानेवारीत उतरवलेले साठ हजार मे महिन्यात लग्नाच्या मोसमात परत उचलले जातात. म्हणून मर्यादाच खाली आणून घ्यायची. शाखेला लेखी पत्र द्यायचं की मर्यादा कमी करावी. काही बँकांत 'ड्रॉपलाइन ओव्हरड्राफ्ट' असतो, त्यात मर्यादा दर महिन्याला ठरल्याप्रमाणे आपोआप उतरते. ज्याला स्वतःच्या हातावर भरवसा नाही त्याला तो बरा.

मर्यादा कमी करताना लोक एक चूक उत्साहाने करतात. बाकी ९ लाख ८० आहे ना, मग मर्यादाही ९ लाख ८० करा, असं सांगतात. महिन्याच्या शेवटी ९,७०० रुपये व्याज पडतं आणि त्याच रात्री खातं मर्यादेच्या वर. एखादा चेक आलेला असेल तर तोही परत. चेक न वटणं म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ला आमंत्रण, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मर्यादा नेहमी बाकीच्या मागून चालली पाहिजे, बरोबरीने नाही. निदान तीन महिन्यांचं व्याज आणि एका मोठ्या देण्याची जागा मधे सोडावी. वरच्या उदाहरणात वर्षाअखेर बाकी ७ लाख २८ हजार झाल्यावर मर्यादा साडेआठ लाखांवर आणायला हरकत नाही, तीही नूतनीकरणाच्या वेळी. म्हणजे कागद एकदाच करावे लागतात. खात्यातून गृहकर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, एसआयपी असं काही आपोआप कापलं जात असेल तर त्यांच्या तारखा आधी लिहून काढाव्यात.

ओडी आणि क्रेडिट कार्ड दोन्ही थकलं असेल तर आधी कार्ड. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, ओडीवर वर्षाला अकरा-बारा. ओडीत त्या काळात निदान व्याजापेक्षा थोडं जास्त जमा होत राहिलं पाहिजे, एवढं सांभाळून उरलेला सगळा जोर कार्डावर.

आणि मुदत ठेवीवरची ओडी असेल तर एकदा शांतपणे आकडे मांडावेत. ठेवीवर सात टक्के मिळतात, त्यावर आयकर जातो, आणि ओडीला ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त द्यावे लागतात. ठेव मोडली तर दंड बसतो तो बहुधा अर्धा ते एक टक्का. 'ठेव मोडायची नाही' हा घरातल्या मोठ्यांचा नियम चांगलाच, पण वर्षानुवर्षं ओडी चालू असेल तर ती ठेव बँकेचीच झालेली असते. मोडून मोकळं होणं बऱ्याचदा स्वस्त पडतं.

फिरवाफिरवी आणि टॉपअप

मार्च महिना आला की एक जुना खेळ सुरू होतो. मित्राकडून दोन दिवसांसाठी पैसे घ्यायचे, ३० तारखेला ओडीत भरायचे, १ एप्रिलला काढून परत करायचे. ताळेबंदाच्या तारखेच्या तोंडावर आलेल्या अशा एकट्यादुकट्या जमेवर विसंबून खातं चांगलं धरू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना केव्हाच सांगून ठेवलं आहे. आता तर एनपीएची मोजणी रोजच्या दिवसअखेरीला होते. ३१ मार्चला वेगळं महत्त्व उरलेलं नाही.

दुसरा मार्ग ओडी बंद करून तिचं हप्त्याचं कर्ज करून घेण्याचा. खातं नीट चालू असताना, उत्पन्न दाखवून, बँकेने रीतसर नवीन कर्ज दिलं तर मार्ग चांगला आहे. हप्ता ठरतो, शिस्त येते. पण 'आता झेपत नाही, सवलत द्या' म्हणून केलेला बदल पुनर्रचना ठरू शकतो आणि ती रिपोर्टमध्ये तशी दिसते. सही करण्याआधी बँकेला लेखी विचारावं, हे खातं क्रेडिट कंपन्यांना कसं कळवलं जाणार? तोंडी 'कुछ नहीं होगा भाईसाहब' यावर भागवू नये.

मोबाइल ॲपवरून झटपट कर्ज घेऊन ओडी भरणं म्हणजे बारा टक्क्यांचं देणं त्याहून महागाचं करणं. शिवाय चार ठिकाणी अर्ज केले की चार चौकशा रिपोर्टवर.

येणी अडकल्याने ओडी फुगली असेल तर

अनेकदा खातेदाराचा खर्च वाढलेला नसतोच. माल गेला, बिल झालं, पैसे येईनात, एवढंच. मोठ्या कारखान्यांना पुरवठा करणाऱ्यांची ओडी म्हणजे खरं तर गिऱ्हाइकाला दिलेलं बिनव्याजी कर्ज असतं, आणि त्याचं व्याज पुरवठादार भरतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज मागता येतं. तक्रार 'समाधान' पोर्टलवरून राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते.

कायद्याने मागायला गेलं तर पुढची ऑर्डर जाईल ही भीती खरी आहे, ती कोणी नाकारत नाही. त्यासाठी मधला मार्ग म्हणजे ट्रेड्स, म्हणजे बिलं ऑनलाइन बँकांना विकून पैसे आधी घेण्याची व्यवस्था. ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. बिल तिथे मान्य झालं की परतफेडीची जबाबदारी खरेदीदाराची, पुरवठादाराची नाही. त्या पैशांनी ओडी उतरवली तर ती उतरलेली राहते.

हात टेकायची वेळ आली तर

व्याजही भरता येणार नाही असं दिसू लागलं की साठ-सत्तर दिवस गप्प बसून एक्क्याण्णवाव्या दिवशी शाखेत जाणारे खूप. उलट करावं. तिसाव्या दिवसाच्या आत व्यवस्थापकाला लेखी पत्र द्यावं, किती भरू शकतो ते लिहावं, पोच घ्यावी. पत्ता बदलला असेल तर तोही त्याच पत्रात. तारण असलेल्या कर्जात एनपीएनंतर सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस येते आणि ती जुन्या पत्त्यावर पडून राहिली तरी दिवस मोजले जातातच. २० लाख आणि वरची प्रकरणं कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जातात. मध्य प्रदेशासाठी ते जबलपूरला आहे, म्हणजे भोपाळकराला तारखेसाठी रात्रीची गाडी धरावी लागते.

दंडाबाबत एक नियम खातेदाराच्या बाजूचा आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर बँकेला दंडव्याज लावता येत नाही. दंड 'शुल्क' म्हणून घ्यायचा आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर विचारायचा हक्क आहे. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत.

तडजोड, म्हणजे सेटलमेंट, अगदी शेवटी. लोक अदालतीत नऊ लाखांचं पाच लाखांत मिटलं की घरात पेढे वाटले जातात. रिपोर्टमध्ये मात्र 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असा शब्द येतो आणि तो वर्षानुवर्षं पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतो. शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत तडजोडीनंतर त्या बँकेकडून नवं कर्ज मिळायला निदान १२ महिने थांबावं लागतं. ज्याची खरोखरच ऐपत संपली त्याने जरूर तडजोड करावी, त्यात लाज नाही. पण ज्याला दोन वर्षांत पूर्ण फेडता येईल त्याने चार लाख सुटले म्हणून सेटलमेंटला हात घालणं शहाणपणाचं नाही.

रिपोर्ट चुकला तर, आणि खातं बंद करताना

वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, २०१७ पासून. चार कंपन्या म्हणजे दर तीन महिन्यांनी एकेकीचा मागवला तर वर्षभर नजर राहते. जामीनदारानेही स्वतःचा मागवावा. मेहुण्याची ओडी कशी चालली आहे हे मेहुण्याला न विचारता कळतं.

नोंद चुकीची असेल तर बँक किंवा क्रेडिट कंपनी, कोणाकडेही तक्रार करता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. रिझर्व्ह बँकेचं कार्यालय भोपाळात आहे, पण तिथे खेटे घालायची गरज नाही. २०२१ च्या एकात्मिक योजनेनंतर कुठल्याही गावातून ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. अट एकच, आधी बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहिलेली हवी. महाराष्ट्रातल्या पतसंस्थेकडून ओडी घेतली असेल तर हा दरवाजा नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागतं.

बाकी शून्य झाली म्हणजे ओडी बंद झाली असं नाही. मर्यादा चालू असते, नूतनीकरणाचं शुल्क पडू शकतं, ते न भरल्याने शून्याचं खातं पाचशे रुपयांनी थकीत होतं. बंद करायचं असेल तर नूतनीकरणाच्या आधी, करारात लिहिलेल्या मुदतीत, 'पुढे चालू ठेवायचं नाही' असं लेखी कळवावं. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या ओडीला, असं कळवून नियत तारखेला खातं बंद केलं तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही. उरलेली चेकबुकं परत करावीत, आपोआप कापले जाणारे हप्ते दुसऱ्या खात्यावर वळवावेत आणि 'नो ड्यूज' दाखला घ्यावा. त्यानंतर महिन्याभराने रिपोर्ट काढून 'क्लोज्ड' आलं का ते बघावं.

घराचे कागद तारण असतील तर वैयक्तिक कर्जांच्या बाबतीत पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत ते परत देणं बँकेला बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. हे १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद कर्जाच्या शाखेतून घ्यायचे की ते जिथे ठेवले आहेत त्या कार्यालयातून, हे कर्जदार सांगू शकतो. भोपाळहून बदली होऊन नागपूर किंवा अमरावतीला गेलेल्यांनी हे खातं बंद करण्याच्या अर्जातच लिहून द्यावं आणि कागद हातात घेताना यादीतला प्रत्येक दस्त मोजून मगच पोचपावतीवर सही करावी.